बिनगिलाव्याची इमारत

नदीच्या पुलावरून कॅम्पाच्या बाजूला बघितलं की ती इमारत अजून दिसते. आता आजूबाजूला काचेच्या इमारती आल्यात, त्यामुळे ती शोधावी लागते. आमच्या वेळी शोधावी लागत नव्हती. सगळं पुणं कौलांचं आणि पत्र्याचं, आणि मधूनच हे राखाडी धूड वर गेलेलं. ऑफिसांसाठी बांधलेलं. लोक थांबून बघायचे आणि विचारायचे, "गिलाव्याला पैसे संपले का हो?" नारायण पेठेतल्या एका मास्तरांनी तर मला भर रस्त्यात सांगितलं, "छान आहे. पूर्ण झाली की कळवा." ती पूर्ण झालेली होती.

मी चौथीपर्यंत शिकलो. त्या इमारतीबद्दल पुस्तकांत काय लिहिलंय ते मला माहीत नाही, आणि लिहिणाऱ्यांपैकी कोणी मला विचारायला आलेलं नाही. मी तिथं सेंट्रिंगचा मिस्त्री होतो. काँक्रीट ओतायचं तर आधी फळ्यांचा साचा उभा करावा लागतो, तो माझा धंदा. काँक्रीट घट्ट झालं की साचा काढून घ्यायचा. गवंड्याची भिंत राहते, सुताराचं दार राहतं, रंगाऱ्याचा रंगसुद्धा दोन-चार पावसाळे टिकतो. सेंट्रिंगवाल्यानं कितीही जीव ओतला तरी त्याचं काम शेवटी ट्रकमध्ये भरून दुसरीकडे जातं.

या इमारतीचं तसं नव्हतं. नकाशा काढणारे साहेब तरुण होते, परदेशात शिकून आलेले, पण पायात साधी चप्पल. ते म्हणाले, गिलावा नाही, रंग नाही, काँक्रीट जसं निघेल तसं ठेवायचं. म्हणजे माझ्या फळ्यांची रेघ न् रेघ भिंतीवर उमटणार आणि तिथंच राहणार. हे ऐकलं आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

खाली सगळं मोकळं, जाड खांबांवर वरचे मजले उचलून धरलेले. पश्चिमेच्या अंगाला उन्हाला आडवे येणारे काँक्रीटचे उभे पडदे, थेट गच्चीपर्यंत. मधोमध लिफ्टचा बुरूज, आणि त्या बुरुजाची भिंत खालच्या दालनात शिरल्या शिरल्या समोर येते. ती भिंत मी देवदाराच्या फळ्या उभ्या लावून केली. देवदाराच्या रेघा ठळक उठतात. हाताखाली माणसं होती, पण त्या भिंतीची एकही फळी मी दुसऱ्या कोणाला लावू दिली नाही. ओतताना एका फळीची गाठ निखळली, बोट जाईल एवढं भोक पडलं. साचा काढला तर भिंतीवर बोराएवढा उंचवटा. मुकादम छिन्नी घेऊन धावला. साहेबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "राहू दे. इथं लाकूड होतं हे कळू दे."

ही झाली इमारत. आता साडू.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा फरशीचा मिस्त्री. त्याला त्या कामावर मीच चिकटवला, हे आज कोणाला आठवत नाही. खालच्या दालनाची मोझॅकची फरशी त्यानं केली. काळ्या-पांढऱ्या चिपा, मधे पितळेच्या पट्ट्या, आणि घासून घासून अशी चमकवली की उद्घाटनाला आलेले लोक उंबऱ्यातच चपला काढायला लागले. ऑफिसात! देवळात शिरावं तसे सगळे खाली बघत आत आले. वर कोणी बघेना, समोर कोणी बघेना. साडूला शाल आणि नारळ मिळाला. सेंट्रिंगवाल्याला कशाला बोलावतील, त्याचा माल केव्हाच गेलेला. मी खांबामागं उभा राहून टाळ्या वाजवल्या.

माझी बायको तेव्हा नवी नवरी, दोघी बहिणींची लग्नं एकाच मांडवात झालेली. ती बहिणीबरोबर आली होती. फरशीकडे वाकून बघत म्हणाली, "अगंबाई, आरसा आहे आरसा!" हे म्हणताना ती भिंतीला टेकून उभी होती. माझ्या भिंतीला.

मी विचारलं असतं, भिंत कशी वाटली, तर ती काहीतरी बरं बोलली असती. पण मागून घेतलेल्या कौतुकाला काय चाटायचंय? तिनं आपणहून म्हणायला हवं होतं. मी वाट बघत राहिलो. संसार झाला, मुलगा झाला, त्याचं लग्न झालं. तेवढं मात्र राहिलं.

साडूचं पुढं नाव झालं. सदाशिव पेठेत फ्लॅट घेतला, स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवल्या, नुसतं ढकललं की आपोआप बंद होणाऱ्या. बायको त्यांच्याकडे जाऊन आली की आमच्या फडताळाचं दार जरा जोरातच लावायची.

ते फडताळही मीच केलेलं. आमच्या धंद्यात एक रीत होती. ज्या फळ्या पुन्हा लावायच्या लायकीच्या राहत नाहीत त्या काम संपलं की मिस्त्रीनं घरी न्यायच्या. मी त्या भिंतीच्या फळ्या आणल्या. घासूनपुसून घेतल्या, पण रंधा मारला नाही, रेघा जातात. भोकाची फळी दाराला लावली आणि मूठ बसवलीच नाही. भोकात बोट घालायचं आणि दार ओढायचं. बायको लग्नापासून तसंच ओढते. फळ्या कुठल्या ते मी तिला सांगितलं नव्हतं. सांगणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली होती, "रंधा मारायचा कंटाळा केलात वाटतं." मग नाहीच सांगितलं.

या वर्षी मुलानं आईसाठी ट्रॉल्यांचं ठरवलं. मापं घ्यायला माणूस येणार आणि फडताळ भंगारात जाणार. बायको खूश होती. त्याच आठवड्यात साडूचा फोन आला.

"दाजी, आपली इमारत झाकतायत."

"आपली म्हणजे?"

"अहो, आपली. आतून-बाहेरून पांढरे पत्रे ठोकणार, नवी दिसावी म्हणून. कॉलेजच्या एक बाई मुलांना घेऊन शेवटचं बघायला येणारेत. मला बोलायला बोलावलंय. तुम्हीपण या."

"मला कुठं बोलावलंय?"

"मी बोलावतोय की."

"का? तुमच्या घरचं लग्न आहे?"

तो हसला. त्याला माझं बोलणं कधी लागत नाही, हाही त्याचा एक दुर्गुण.

"आणि फरशी?" मी विचारलं.

"फरशी ठेवणारेत म्हणे." हे तो हळू आवाजात म्हणाला. मला वाईट वाटू नये म्हणून. त्यामुळे जास्तच वाटलं.

मी जाणार नव्हतो. बायकोनं रिक्षा बोलावली. "धाकटीचा नवरा चार लोकांत बोलणार आणि आपण घरी बसायचं? बरं दिसतं का?" म्हणजे त्याच्यासाठी. मी इस्त्रीचा सदरा घातला.

बाहेरून परांची बांधून हिरवी जाळी लावली होती. पश्चिमेचे पडदे दिसतच नव्हते. आत साडू फरशीच्या मधोमध उभा, आणि कॉलेजची मुलं गुडघ्यांवर बसून फोटो काढतायत. "पितळेची पट्टी नसली तर फरशी तडकते, बाळांनो," तो सांगत होता. खरंच सांगत होता, तेही मला खटकलं. आणि फरशी, काय सांगू, तशीच होती. एवढे लोक त्यावरून गेले, तरी वरचा दिवा खाली दिसत होता.

मी भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, जरा बाजूला होता का? फोटोत येताय." मी बाजूला झालो.

बायकोचे गुडघे दुखायला लागले होते. बसायला काही नव्हतं, म्हणून ती भिंतीशी गेली आणि तळहात टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं हात सरकवला. मग थांबली. मग परत मागं नेला. ती भिंतीकडे बघत नव्हती, बहिणीच्या नवऱ्याकडेच बघत होती. पण बोट त्या बोराएवढ्या उंचवट्यावर फिरत होतं, एकदा, दोनदा. मग तिनं वळून बघितलं, चष्मा वर केला आणि भिंतीच्या अगदी जवळ गेली.

"अहो," ती मोठ्यानं म्हणाली, "हे आपलं फडताळ आहे."

साडू बोलता बोलता थांबला. "ताई, भिंत आहे ती."

"भिंत आहे ते कळतंय मला, भाऊजी. फडताळ आहे म्हणतेय. ही गाठ. शेजारच्या ह्या दोन रेघा फुटून खाली जातात आणि परत मिळतात, बघा. रोज पुसते मी." तिनं हवेत बोट वाकवून दार ओढल्यासारखं केलं. "फक्त डावीकडचं उजवीकडे गेलंय. आरशात दिसावं तसं."

आरसा म्हणाली.

मुलं उठली. बाई भिंतीजवळ आल्या. "आजोबा, ही भिंत तुम्ही केलीत?"

"भिंत काँक्रीटची आहे," मी म्हणालो. "फळ्या मी लावल्या."

"आणि मला इथं कामाला यांनीच आणलं," साडू म्हणाला. मी न सांगता म्हणाला, सगळ्यांसमोर. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते त्यानं असं फुकट देऊन टाकलं आणि त्यातही मोठा तोच झाला. काही माणसांवर नीट जळतासुद्धा येत नाही.

मुलांनी भिंतीचे फोटो काढले. बाईंनी पत्रे ठोकणाऱ्यांना विचारून बघितलं, एवढी भिंत तरी सोडता येईल का. ते म्हणाले, ऑर्डर सगळ्या भिंतींची आहे. फरशी फक्त वाचली.

रिक्षा पुलावर आल्यावर बायको म्हणाली, "सांगितलं का नाहीत?"

"विचारलं का नाहीस?"

"फडताळाला काय विचारायचं असतं?"

घरी आल्यावर तिनं चहा टाकला. साखरेचा डबा काढायला भोकात बोट घातलं आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग मुलाला फोन लावला. "त्या ट्रॉलीवाल्याला सांग, ओट्याखाली काय घालायचं ते घाल. फडताळाला हात लावायचा नाही." पलीकडून तो काहीतरी म्हणाला. "का म्हणजे? मोडलंय का ते?" तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "बघताय काय? झुरळांचं तेवढं औषध आणा."

भिंत चांगली होती असं ती अजूनही म्हणालेली नाही. मीही विचारलेलं नाही.

काल साडूचा फोन आला, फडताळ बघायला यायचंय म्हणाला. रविवारी संध्याकाळी येतो म्हणाला. मी म्हटलं, संध्याकाळी नको, सकाळी या. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात थेट दारावर येतं, रेघा चांगल्या दिसतात.