विकेटकीपरची रिकामी जागा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी फिस्स केलं तर मी चहा तसाच ठेवून उठेन. हा किस्सा नुसता आठवला तरी माझं डोकं तापतं. आधी गावावर तापतं, मग त्या अमेरिकेतल्या पुतण्यावर, आणि शेवटी ज्याच्यावर तापायला हवं त्याच्यावर येतं. तो माणूस मला रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटतो.

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. दिवसभर उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांशी भांडून माझा आवाज जो चढलाय तो आता उतरत नाही. घरी मीठ मागितलं तरी शेजारचा कोण भांडतंय म्हणून बघायला येतो. गावात तोंडावर भाऊसाहेब म्हणतात, पाठीमागे भोंगा म्हणतात. मला माहीत आहे कोण म्हणतं ते.

तर मागच्या दिवाळीत हा पुतण्या आमच्या गावी आला. घोड्यासारखा वाढलाय, पण नाद लहान मुलांचा. बॅगेतून एक जाडजूड अल्बम काढला. त्यात प्लास्टिकचे कप्पे आणि कप्प्या-कप्प्यात कार्डं. बेसबॉल म्हणून त्यांचा एक खेळ आहे, त्याच्या खेळाडूंची. पुढे फोटो, मागे त्या खेळाडूची सगळी माहिती. हा एकाच संघाची जमवतो. मोठ्या लीगमध्ये खेळणाऱ्यांची तर असतातच, पण त्याच संघाच्या धाकट्या लीगमध्ये जी पोरं वर जायची वाट बघत बसलेली असतात, त्यांचीही. म्हणाला, काका, धाकट्यांची कार्डं मिळवण्यातच खरी मजा.

मी तो अल्बम उलटापालटा केला आणि मला राग आला. का? अहो, आमच्या गावाचा टेनिस बॉलचा संघ शहाद्यापासून नवापूरपर्यंत ढाली आणतो. त्या पोरांचे फोटो कुठे आहेत? वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, पुढाऱ्याच्या कोपराखाली. म्हटलं, आपल्या संघाचा अल्बम झालाच पाहिजे. मोठा अ संघ, जो बाहेर खेळायला जातो तो, आणि धाकटा ब संघ, म्हणजे गावच्या मैदानावर चेंडू हरवणारी कच्ची पोरं. एकही खेळाडू सुटता कामा नये.

इथे थोडं थांबा. घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही.

माझी मुलगी प्राची नाशिकला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिची आई तिच्यासोबत खोली घेऊन राहते. जायच्या दिवशी प्राचीने मला समोर बसवलं आणि शब्द घेतला. परीक्षा होईपर्यंत तिच्या लग्नाचा विषय निघणार नाही, स्थळ बघणार नाही, कुणाला घरी बोलावणार नाही. मी शब्द दिला, आणि कसा पाळला सांगू? तिचा मामा एक स्थळ घेऊन आला, तर त्याला फाटकातूनच परत पाठवला. पाणीसुद्धा दिलं नाही. आजही तो माझ्याशी बोलत नाही, न बोलो.

तर मी कामाला लागलो. खेळाडू दिवसा शेतात, संध्याकाळी मैदानावर. मैदानावर त्यांना काही विचारावं तर एक जण उत्तर देतो आणि तिघे चेंडू शोधायला पळतात. म्हणून मी थेट त्यांच्या घरी जायला लागलो. पुतण्याच्या कार्डामागे जे जे होतं ते सगळं विचारायचं. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, उंची, वजन. माझ्या मनाने मी शिक्षण आणि कामधंदा वाढवला. आणि एक छानसा फोटो.

आलं का लक्षात? तुम्हाला इथे बसल्या बसल्या आलं. मला नाही आलं.

मुलगी लग्नाची. बायको गावात नाही. आणि बाप घरोघर जाऊन पोरांचे फोटो, जन्मतारखा आणि उंच्या मागतोय! त्यात आमच्याकडची आजची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे. एकेका घरात तिशी ओलांडलेला पोरगा बसलेला आहे. शेत आहे, विहीर आहे, वर स्लॅब आहे, फक्त बायको मिळत नाही. शेती करणाऱ्याला मुलगी कुणी देत नाही. अशा गावात मी फोटो मागत फिरत होतो.

पहिल्याच घरी मी विचारलं, हा उजव्या हाताने खेळतो की डाव्या? त्याची आई घाबरलीच. म्हणाली, जेवतो उजव्यानेच, लहानपणी थोडी डाव्याची सवय होती, ती आम्ही मोडली. मी कपाळाला हात लावला. डावखुरा फलंदाज वाया घालवला या बाईने! तिथेच तिला मोठ्या आवाजात सुनावलं. ती बिचारी मान खाली घालून पुन्हा पुन्हा म्हणत होती की आता एकदम बरोबर आहे.

मग फोटो यायला लागले. मी म्हटलं होतं, खेळाडू वाटला पाहिजे. आला काय? कोट घातलेला. दुसरा नव्या ट्रॅक्टरला टेकलेला. तिसऱ्याच्या मागे त्याचं अख्खं घर, वरच्या पाण्याच्या टाकीसकट. मी प्रत्येकावर ओरडलो, की अरे, हातात बॅट कुठे आहे? दुसऱ्या दिवशी तोच कोट, तोच गुलाब खिशाला, आणि हातात बॅट. बरं, माहितीत जन्मतारखेच्या पुढे जन्मवेळ लिहिलेली. रास, नक्षत्र, सगळं. मी म्हटलं, या गावाचं काही होणार नाही. यॉर्करला नक्षत्र काय करणार? पण लोक एवढ्या हौसेने सांगत होते की मी तेही लिहून घेतलं.

आणि पाहुणचार! आधी चहा मिळायचा. मग चहासोबत पोहे आले. मग जेवूनच जा म्हणून शेवभाजी. मला वाटलं, क्रिकेटवर प्रेम असावं तर असं.

भडका खरा उडाला तो अ आणि ब वरून. दगातात्या म्हणून आमच्या गल्लीतले. त्यांचा पोरगा ब संघात लेगस्पिन टाकतो. म्हणजे टाकतो, चेंडू पडतो कुठे ते देवाला माहीत. पोराला ब मध्ये का टाकलं म्हणून तात्यांनी मला भर चौकात गाठलं.

"भाऊसाहेब, मन्हा पोऱ्याले ब मा काब्रं टाकं? काय कमी शे त्याले?"

मी म्हटलं, "तात्या, तो अजून कच्चा शे. पुढला वरीसले देखसूत."

"तवलगून जागा ऱ्हाई का?"

तोपर्यंत जागा राहील का, या प्रश्नावर माणसाने दचकायला नको? मी नाही दचकलो. उलट चढ्या आवाजात समजावलं की जागा मेहनतीने मिळते, ओळखीने नाही, आणि मी वशिला चालू देणार नाही. चौकातली सगळी माणसं ऐकत होती. आठवडा उलटायच्या आत तात्यांनी घराला रंग दिला आणि मला हाताला धरून दाखवायला नेलं. मी रंग बघितला आणि म्हटलं, घराचं ठीक आहे, पोराला रोज अंडी द्या. तात्यांनी मान डोलावली.

शेवटी अल्बम भरत आला. फक्त पहिल्या पानावर मधला कप्पा रिकामा होता. तिथे अ संघाचा विकेटकीपर हवा होता, गोपाल. हा सुरतकडे जेसीबी चालवतो, सामन्यापुरता येतो. त्याचा फोटो काही हाती लागेना. रिकामा कप्पा बघून मला जेवण जाईना. माझा स्वभाव तसाच आहे, एक दात पडला तर जीभ तिथेच जाते. गेलो त्याच्या वडिलांकडे. हिंमतआबा. गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या ओट्यावर बसून मी म्हटलं, "आबा, बाकी सगळं व्हई गयं. एकच जागा रिकामी शे, ती गोपालसाठी ठेवी शे. त्याना फोटो देई टाका, म्हणजे मी मोकळा."

आबांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोला हाक मारली. तिने आतून टोपी आणि टॉवेल आणला, आबांनी तिथेच माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. मीही गहिवरलो. म्हटलं, विकेटकीपरला कुणी विचारत नाही हेच खरं, आज कुणीतरी विचारलं. आणि जाता जाता पुढचं वाक्य टाकलं. रविवारी सकाळी माझ्या घरी या, घरच्यांना घेऊन या, सगळ्यांसमोर अल्बम उघडतो. हेच निमंत्रण मी घरोघर दिलं. त्याच सकाळी प्राची आणि तिची आई दोन दिवसांसाठी येणार होत्या. म्हटलं, बरं झालं, त्याही बघतील.

रविवार उजाडला. अंगण भरलं. पोरं कडक इस्त्रीत, बाप नव्या टोप्या घालून, आया जरीकाठाच्या साड्यांत. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ. मला वाटलं, अल्बमची पूजा करायची असेल. आणि तेवढ्यात फाटकातून आईच्या पुढे चालत प्राची आत आली. रात्रभर बसमध्ये बसून चेहरा उतरलेला, खांद्यावर पुस्तकांची बॅग.

सगळ्या आया एकदम उठल्या. एकीने तिची बॅग घेतली, दुसरीने खुर्ची सरकवली. दगातात्यांच्या बायकोने विचारलं, "बेटा, भाकरी हातवर थापस का पोळपाटवर?"

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा अल्बम उघडला. एकेक पान उलटत गेली. कोट, ट्रॅक्टर, पाण्याची टाकी. उंची, वजन, रास, नक्षत्र. वर ठळक अक्षरात अ. पुढच्या पानांवर ब. नाशिकला राहून ती छापल्यासारखी मराठी बोलते, पण खूप राग आला की घरची बोली बाहेर येते.

"पप्पा, हाई काय शे?"

"आपली टीम शे, बेटा."

"टीम? आनि तुम्हना शब्दनं काय?"

तिच्या आईने तोंडाला पदर लावला होता. हसत होती की रडत होती, ते ती मला अजून सांगत नाही. आणि मला तेव्हा, त्या क्षणी, सगळं कळलं. मग मी काय केलं असेल? जे नेहमी करतो तेच. ओरडलो. अंगणातल्या प्रत्येकावर ओरडलो. की अरे अक्कल आहे का, ही क्रिकेटची कार्डं आहेत, माझी मुलगी शिकतेय, तुम्हाला कुणी सांगितलं मी स्थळं बघतोय?

मग हिंमतआबा उठले. आवाज न चढवता म्हणाले, "भाऊसाहेब, गोपालनी जन्मयेळ तुम्हीन लिखी लिधी. क्रिकेटले जन्मयेळ लागस का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा भोंगा बंद पडला. गोपालची आई आपल्या पिशवीत काहीतरी परत आत ढकलत होती. हिरवी साडी होती. ती बाई कुणाला दिसू नये म्हणून घाई करत होती, आणि साडी काही आत जाईना. मला स्वतःचा एवढा राग आयुष्यात आला नव्हता. एकच जागा रिकामी आहे, ती गोपालसाठी ठेवलीय. मीच म्हटलं होतं, माझ्याच तोंडाने, आणि वर टोपी घालून घेतली होती.

सावरलं ते प्राचीने. तिने गोपालच्या आईच्या हातातली पिशवी घेतली, नीट घडी करून साडी आत ठेवली, आणि म्हणाली, "काकू, चूक आमनी शे. चहा लिधाशिवाय जावानं नही." मग तिने स्वतः सगळ्यांना चहा दिला. फक्त मला दिला नाही. दोन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि परत जाताना अल्बम घेऊन गेली. मी ओरडलोही नाही. कुठल्या तोंडाने ओरडणार?

पुढे शहाद्याला स्पर्धा झाली. मी मैदानाच्या कडेला, लांब बाभळीखाली उभा होतो, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. सामना संपल्यावर गोपाल ग्लोव्हज काढत सरळ माझ्याकडे आला. हातात माझाच अल्बम. म्हणाला, प्राचीताईने पाठवलाय, सगळ्या पोरांचे नवे फोटो मागवून नवी कार्डं छापून घेतलीत. बघितलं तर खरंच! धुळीने माखलेली पोरं, हातात बॅट, कोट नाही, नक्षत्र नाही. पहिल्या पानावर मधल्या कप्प्यात गोपाल, स्टंपमागे वाकलेला. मला तर भरून आलं. मग मी पान उलटत उलटत शेवटी आलो.

शेवटच्या पानावर माझं कार्ड. फोटोत मी तोंड आऽ वासून कुणावर तरी ओरडतोय, घशातली पडजीभ दिसतेय. कार्ड काढून मागे वाचलं.

"फलंदाजी: येत नाही. गोलंदाजी: तोंडाने. मुलगी: एक. चौकशी करू नये."

भोवती पोरं जमली होती, हसू दाबून उभी. मी मात्र त्या कार्डाच्या वरच्या कोपऱ्यातलं ठळक अक्षर बघत होतो. माझा पारा चढायला लागला. तिथल्या तिथे प्राचीला फोन लावला. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदाच मी तिच्याशी बोलत होतो, माफी मागायचं मनात कधीपासून होतं, आणि तोंडातून निघालं काय?

"काय वं, माले ब मा काब्रं टाकं?"

मग ती म्हणाली, "तुम्ही अजून कच्चा शेतस, पप्पा. पुढला वरीसले देखसूत."