मुरुडच्या दवाखान्यातून वकिलातीत

बहात्तरच्या दुष्काळात लातूरजवळच्या मुरुडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर रुद्राणी होत्या. औशाचे आडत व्यापारी गुरुबसप्पा यांची ही थोरली लेक. हैदराबादेत डॉक्टरकी शिकलेली, बिनलग्नाची, तोंडानं फटकळ. गावातल्या बाया त्यांना अक्का म्हणत.

त्या उन्हाळ्यात गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. माती वाहणाऱ्या बायांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. अक्का कामावर जाऊन बघतात, तर सगळे एकाच गढूळ डबक्यातलं पाणी पीत होते. ही पटकी आहे, टँकर आल्याबिगर थांबणार नाही, असं त्यांनी वर कळवलं. वरून साहेब आले. पटकीचं नाव निघालं तर मुंबईपर्यंत बोभाटा होईल, तेव्हा ऊन बाधलं एवढंच म्हणावं, असं त्यांनी सुचवलं. त्याच दुपारी केवळाबाई नावाची तरणी बाई दवाखान्यात दगावली. अक्कांनी साहेबांना तिच्या खाटेपाशी नेलं.

"हिचा नवरा बाहेर बसलाय. ऊन लागलं म्हणून तुम्हीच सांगा त्याला. मी न्हाई सांगत."

साहेब जीपकडे वळले. अक्का बायांना घेऊन जीपपुढं बसल्या. टँकर येतो असं कबूल करून घेतल्यावरच उठल्या. टँकर आला आणि त्याच्या मागोमाग अक्कांची बदलीही आली. थेट धर्माबादला, पार तेलंगणाच्या वेशीवर. त्यांनी राजीनामा दिला आणि मुरुडच्याच बाजारात स्वतःचा दवाखाना टाकला.

नाडी बघून ही दुखणी जायची नाहीत, पाणी कुठं द्यायचं हे दिल्ली-मुंबईत ठरतं, हे त्यांना कळून चुकलं होतं. लोकसभेला उभं राहायचं ठरवल्यावर गुरुबसप्पांनी लेकीशी बोलणं टाकलं. आडतीवर सगळ्या पक्षांची माणसं येतात, धंदा बसेल, ही त्यांची भीती. आई दानम्मा मात्र नवऱ्याला न विचारता प्रचाराच्या जीपमध्ये जाऊन बसली. पहिल्या खेपेला अनामत गेली. पुढच्या वेळी एका पक्षानं तिकीट दिलं आणि बायांच्या मतांवर अक्का निवडून आल्या.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. सत्कार, हारतुरे, भाषणं झाली. अक्कांची पाळी आली तेव्हा त्या माइकपाशी म्हणाल्या, "पाटी बदलली, चांगलं झालं. आता मोठा दवाखाना कुठं बांधता ते सांगा. जागा कळल्याबिगर मी खाली बसत न्हाई."

मंत्री हसले. समोरचे लोक हसले नाहीत. शेवटी मंत्र्यांना उठून जागा जाहीर करावी लागली.

पक्षातल्यांना हे पचलं नाही. थोड्याच वर्षांत, खासदारकीची मुदत संपल्यावर, पक्षाच्या सरकारनं अक्कांना आफ्रिकेतल्या एका कोरड्या देशात राजदूत म्हणून धाडलं. बाहेरून तो मान होता. आतून ब्याद टाळणं होतं, हे अक्कांनाही कळत होतं. दुष्काळ आपल्याला नवा नाही, एवढंच त्या आईला म्हणाल्या आणि गेल्या.

तिथं दुष्काळाच्या जोडीला यादवी माजली होती. भारतातून गव्हाचं जहाज आलं, तेव्हा त्या देशाच्या मंत्र्यानं गहू फौजेच्या कोठारात उतरवायला सांगितलं. उत्तरेकडच्या छावण्यांत उपाशी पडलेले लोक बंडखोरांच्या मुलखातले होते. त्यांना दाणाही द्यायचा नव्हता. यजमान सरकार म्हणेल तिथं माल द्या, असा दिल्लीचा हुकूम होता. अक्का मंत्र्यासमोर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "गहू उपाशी माणसांसाठी आलाय. फौजेला जाणार असेल तर जहाज भरलेलं परत जाईल."

जहाज परत धाडायचा अधिकार त्यांना नव्हता. शेजारी बसलेला वकिलातीचा सचिव दिल्लीच्या हुकमाचा कागद त्यांच्यापुढं सरकवू लागला. मंत्र्यानं अर्ध्यावर तोड काढली, अक्कांनी ती नाकारली. बरीच ओढाताण झाली आणि अखेर निम्म्याहून जास्त गहू उत्तरेला निघाला. वाटेत तो कुणी वळवू नये म्हणून अक्का स्वतः पहिल्या ट्रकमध्ये बसल्या. छावणीत पोती उतरली, चुली पेटल्या, तेव्हाच त्या परत फिरल्या.

दिल्लीनं जाब विचारला आणि लगोलग माघारी बोलावलं. गहू पोचला, त्यापलीकडं सांगण्यासारखं काही नाही, असं त्यांनी उत्तर दिलं.

पुढच्या निवडणुकीत पक्षानं तिकीट दिलं नाही. अक्का अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी औशाच्या बाजारात सभा घेतली. आपल्याला कुणी पाडलं आणि का पाडलं, ते नावं घेऊन सांगितलं. आडत बंद ठेवून गुरुबसप्पा जन्मात पहिल्यांदा लेकीच्या सभेला आले होते आणि पार पुढं बसले होते.