‘दुपारची ड्यूटी’ची राहिलेली वाटणी

साडी नेसताना कुमुद ओठांत पिना धरायची आणि तशीच संवाद म्हणायची. मी समोर पत्र्याच्या खुर्चीवर वही उघडून बसलेली असायचे. “पिना काढ आणि मग बोल, मला शब्द कळत नाहीत,” मी म्हणायचे. ती ओठ न हलवता म्हणायची, “तुले नाही कळले तरी चालते वं, सिस्टर. तू फक्त वहीत पाह्य.” एवढ्यात कुणीतरी पोह्यांचं पुडकं आणायचं आणि पोह्यांवरची तर्री, तो तिखट लाल रस्सा, वहीच्या कोपऱ्यावर सांडायची. ते डाग अजून आहेत. गेल्या महिन्यात पुण्यातल्या माझ्या कपाटातून ती वही बाहेर काढली आणि त्यानंतर माझं कशातच लक्ष लागेना.

निमित्त होतं अविनाशचा निरोप. तरुणपणी नागपुरात एका शाळेच्या खोलीत आमची एक छोटी नाट्यसंस्था होती, ‘ओली शाई’. अविनाश तेव्हा प्रकाशयोजना करायचा, आता संस्थेत जे काय उरलंय ते तोच सांभाळतो. त्याने लिहिलं होतं : “शाळेची इमारत पाडून राहिले. आपली खोली महिनाअखेर खाली करायची आहे. ‘दुपारची ड्यूटी’ नाटकाची पेटी तशीच आहे. वही घेऊन ये.”

मी तिकीट काढलं. रद्द केलं. पुन्हा काढलं. मुलगा म्हणाला, “आई, जा तरी किंवा बस तरी.” गेले.

पुण्याहून नागपूरला रात्रभराच्या गाड्या बऱ्याच आहेत. जाणार असाल तर थंडी संपता संपता जा. मार्च सरला की दुपारी रस्ते ओस पडतात आणि तुमची फिरायची हौसही. स्टेशनला लागूनच मेट्रो झाली आहे, त्यामुळे सीताबर्डीपर्यंत सामानासकट आरामात जाता येतं. मी धंतोलीत एका साध्या लॉजवर उतरले. खोली स्वच्छ होती, गिझर चालू होता, पण खिडकी कोळसा भरलेल्या ट्रकसारख्या घरघरणाऱ्या जनरेटरवर उघडत होती. मागून खोली बदलून घेतली. तीही आवडली नाही. खरं तर खोलीचा काही दोष नव्हता.

पहिला दिवस : खोली

शाळेच्या मागच्या जिन्याने वर गेलं की आमची खोली. एका बाजूला चटया, एका बाजूला काळे पडदे, भिंतीवर चुन्याने रंगवलेला एक चौकोन : रंगमंचाचं माप. अविनाश दारातच उभा होता.

“आली का वं, सिस्टर? केस पांढरे झाले, पण चाल तीच. मागं कुणी छडी घेऊन असल्यासारखी.”

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणून या मंडळींनी मला ‘सिस्टर’ करून टाकलं होतं. माझं मराठी वाचन तेव्हा संथ, शब्दाला बोट लावून. बापूंनी, म्हणजे संस्था काढणाऱ्या आमच्या दिग्दर्शकांनी, ते ऐकून मला प्रॉम्प्टर केलं. “ही पोरगी जे लिहिलं तेच वाचते. आपल्याकडं असं माणूस नाही,” ते म्हणाले.

बापू सरकारी कचेरीत कारकून होते. संस्था नोंदवलेली, पण कुणाला पैसा मिळायचा नाही. त्यांचा हट्ट एकच : ज्याची शाई वाळलेली नाही तेच नाटक करायचं. आधी कुठे झालेलं नाटक नाही. कंडक्टरने लिहिलेलं केलं, उमरेडच्या एका विणकराचं केलं, नर्सचं केलं. चार प्रयोग, मग नाटक बंद. नव्या नाटकात जुनी वस्तू वापरायची नाही, म्हणून चौथ्या प्रयोगानंतर पडदा पाडून आत ‘वाटणी’ व्हायची. नाटकातलं सामान कुणाला द्यायचं ते प्रॉम्प्टरने वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं आणि मोठ्याने वाचायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. प्रॉम्प्टरचं स्वतःचं नाव मात्र यादीत नसायचं. बापूंच्या मते यादी करणाऱ्याने हात कोरडे ठेवावेत.

आणि दुसरा नियम वहीचा. वही जमिनीवर ठेवायची नाही, कुणाच्या हाती द्यायची नाही. नटांचे कागद दुसऱ्या प्रयोगानंतर बापू स्वतः फाडायचे. नाटक राहायचं ते फक्त त्या वहीत.

अविनाशने कोपऱ्यातली पत्र्याची पेटी पुढे ओढली. झाकणावर खडूने लिहिलेलं : ‘दु. ड्यूटी. वाटणी बाकी.’

“यानंतर अठरा नाटकं झाली,” तो म्हणाला. “सगळ्यांची वाटणी झाली. हीच राहिली. वहीशिवाय कशी करणार? बापू शेवटपर्यंत म्हणायचे, सिस्टर येईल.”

बापू जाऊन नऊ वर्षं झाली. मी खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले.

“परवाच्या वाटणीला कुमुद येईल का?” मी विचारलं.

“कुमुद? ती नंतर या खोलीत नाटकाचे कपडे शिवायले यायची, तेही बंद झालं. तू आली म्हटल्यावर तर मुळीच नाही.”

कारण सांगते. ‘दुपारची ड्यूटी’ नलिनीबाई नावाच्या नर्सने लिहिलं होतं आणि त्यात कुमुदची मुख्य भूमिका होती. चौथ्या प्रयोगाच्या दुपारी मला पुण्याच्या एका शाळेचं मुलाखतीचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. मी बापूंना सांगितलं. ते म्हणाले, “जा. चौथा प्रयोग आहे, सगळ्यांचं पाठ आहे.” कुमुदला मी सांगितलं नाही. तिने मला जाऊ दिलं नसतं आणि मला जायचं होतं. अंधारात वही वाचायची माझी टॉर्च विंगेतल्या स्टुलावर ठेवली आणि स्टेशन गाठलं. वर्धा गेल्यावर पिशवीत हात घातला तर वही. सवयीने उचलून आणली होती, जशी रोज उचलायचे.

पुढचं मला बापूंच्या पत्राने कळलं. दुसऱ्या अंकात कुमुद एका वाक्याशी अडली. ते वाक्य नलिनीबाईंनी तिसऱ्या प्रयोगाच्या सकाळी बदललं होतं. नवं वाक्य पेन्सिलने फक्त माझ्या वहीत होतं आणि ती ते एकदाच बोलली होती. पडदा पाडावा लागला. त्यानंतर कुमुद रंगमंचावर गेली नाही. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. चौतीस वर्षं झाली.

दुसरा दिवस : कोराडी

सकाळी साडेसहालाच बाहेर पडले. पोह्याच्या ठेल्यावर तर्री वेगळी मागा, नाहीतर ते हात सैल सोडतात आणि मग दिवसभर पाणी पीत बसावं लागतं. शंभर रुपयांत दोघांचा भरपेट नाश्ता होतो. माझ्या पोटात मात्र चार घासांच्या वर गेलं नाही.

कोराडीला सीताबर्डीहून बस मिळते. मला बसची वाट बघवेना, म्हणून रिक्षा केली. बसपेक्षा बरीच महाग पडते, भाव आधी ठरवा. रिक्षावाला म्हणाला, “देवीले जाऊन राहिले का, मॅडम?” मी हो म्हटलं. मंदिर खरंच पाहण्यासारखं आहे, तलावाकाठी मोकळं वाटतं. मी तिथे दहा मिनिटंही टेकले नाही. वीज केंद्राच्या कॉलनीत कुमुदचा मुलगा राहतो, ती त्याच्याकडेच असते असं अविनाशने सांगितलं होतं. झाडांच्या पानांवर राखेचा हलका थर, केंद्राची धुराडी उंचावर तरंगत असल्यासारखी, अंगणांत दोऱ्यांवर कपडे. दोनदा क्वार्टर्सच्या चुकीच्या लाइनमध्ये गेले.

कुमुद व्हरांड्यात मेथी निवडत बसली होती. तिने वर पाहिलं, चष्मा सारखा केला.

“काहून आली?”

“तुला भेटायला.”

“भेटली. आता?”

मी उभीच. आत पाहत ती सुनेला म्हणाली, “स्वाती, खुर्ची आण वं. पाहुणीले मानानं बसवा लागते.”

“आधी बोलते, मग बसते.” शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, चूक सांगायची तर उभं राहून सांगायची. मी सांगितली. पत्र आलेलं, बापूंना सांगितलेलं, तिला न सांगितलेलं, उत्तर न दिलेलं, सगळं.

तिने काड्या वेगळ्या केल्या, पानं वेगळी केली. “इंटरव्ह्यूचं बापूनं मागून सांगितलं मले. त्याचा राग नाही. मले सांगितलं असतं तर मी काय गाडीसमोर आडवी पडली असती?”

“पडली असतीस.”

“हो,” ती म्हणाली. “पडली असती.”

कॉलनीच्या रस्त्यावरून दूधवाल्याची मोटरसायकल गेली.

“विंगेत पाहिलं तर टॉर्च स्टुलावर. तू नाही,” ती म्हणाली. “मी पाहतच राहिली. लोकांले वाटलं, काय अभिनय करून राहिली बाई! टाळ्या पडल्या त्यावर. त्या टाळ्यांची जास्त लाज वाटली.” तिने हात पदराला पुसले. “एक सांग. वाक्य कोणतं होतं?”

मला कळलंच नाही.

“बह्याड, वाक्य! मी अडली ते. नलिनीबाईले विचारायची हिंमत नाही झाली, मंग त्यांची बदली झाली, मंग त्या गेल्याच. बाकी सगळं पाठ आहे मले. कपडे धुता धुता म्हणते. तिथंवर येते आणि पुढं भिंत.”

म्हणजे माझ्या कपाटात, लोकरी कपड्यांच्या खाली, तिचं वाक्य पडून होतं. हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

वही उघडली. पेन्सिल पुसट झालेली, आणि माझा चष्मा लॉजवर. तिने स्वतःचा काढून दिला. मी खाली मान घालून, प्रॉम्प्टरच्या त्या सपाट दबक्या आवाजात वाचलं : “थर्मासमधला चहा अजून गरम आहे. बस जरा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“अवं माय! मले वाटे, काहीतरी मोठं असंल. जगण्याबिगण्याचं.” तिने मेथीची जुडी ताटात आपटली. हसली नाही, रडली नाही. मग व्हरांड्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळली, नाटकात तिथे तिचा पेशंट असायचा, आणि ते वाक्य म्हणाली. त्याच्या मागोमाग पुढचं आलं, त्याच्या मागोमाग पुढचं. मी बोट फिरवत गेले. दोनदा अडली, दोनदा शब्द दिला. स्वाती कणकेच्या हातांनी दारात उभी राहिली. प्रवेश सात पानांचा होता, तिने तो संपवला.

“मी कधीच ऐकलं नव्हतं हे,” स्वाती म्हणाली.

“आता काय ऐकतं, म्हातारीचा आवाज,” असं म्हणून कुमुद आत गेली. जेवायला ठेवून घेतलं. गोळाभात, म्हणजे भातात डाळीचे गोळे, वरून फोडणीचं तेल. नागपूरला जाऊन हा भात न खाता आलात तर फेरी फुकट.

निघताना विचारलं, “उद्या वाटणीला येशील?”

“नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगजो लोकांले. तुले खरं सांगते, मन नाही होत. माझ्या वाट्याचं पाठवून दे.” फाटकापर्यंत आली. “आणि ऐक. यादीत आपलंही नाव टाक. बापूचा नियम बापूसंगं गेला. दरवेळी कोरड्या हातानं निघून जातं, मंग चौतीस चौतीस वर्षं येत नाही.”

तिसरा दिवस, आणि घर

खोलीत अविनाशसह चार जण जमले. पेटी उघडली. मी शेवटचं पान काढलं आणि सगळ्यांना दाखवलं. कोरं होतं. त्या दिवशी यादी प्रयोगानंतर करणार होते.

“घरी जाऊन लिही,” अविनाश म्हणाला. “सामान मी पोचवतो. अर्धे लोक असेही बाहेरगावी आहेत, तुझा ब्लॉग वाचतात.” भिंतीवरचा चुन्याचा चौकोन त्याला न्यायचा होता, पण तो कसा नेणार? फोटो काढला. फोटोत चौकोन वाकडा आला.

आता पुण्यात आहे. सामान उघडलं, कपडे धुतले, दोनदा कपाट लावलं. अजून स्वस्थ बसवत नाही, पण बसायला जागा कुठे आहे ते कळल्यासारखं वाटतंय. नागपूरला पुढल्या थंडीत पुन्हा जायचं तर कुणाकडे उतरायचं ते आता ठाऊक आहे, लॉज शोधायची गरज नाही.

अविनाश, वाटणी वाचते. नाही म्हणायची सोय नाही.

बिनकाट्यांचं भिंतीवरचं घड्याळ तुला. मी पाहिलेल्या तिन्ही प्रयोगांत त्यावर प्रकाश टाकायला तूच विसरलास.

निळं ब्लँकेट कन्हानच्या दुर्गेशला. पेशंट म्हणून त्याखाली तो खरोखर झोपला होता आणि तिसऱ्या प्रयोगाला घोरलाही.

पांढरी साडी आणि पितळी घंटा नलिनीबाईंच्या मुलीला, उमरेडला. साडी जीर्ण आहे, घडी मोडू नको.

लाकडी स्टूल शाळेच्या चौकीदाराला. नव्या इमारतीतही त्याला कुणी खुर्ची देईल असं वाटत नाही.

थर्मास कुमुदला. झाकण तुटलंय, तसंच दे.

वही कुमुदलाच. मी कुरियरने पाठवत नाही, स्वतः घेऊन येईन.

टॉर्च मला. सेल गळून आत गंज चढलाय, साफ करू नकोस. नवे सेल मी आणले आहेत.