वहिनीने मागे घेतलेले आकडे

माझी वहिनी कॉम्प्युटरच्या आत रांगा लावते. कुठल्या कामाला प्रोसेसर आधी मिळायचा आणि कुणी थांबायचं, हे ठरवणाऱ्या भागाला शेड्युलर म्हणतात. त्याची घडी नीट बसवणं हे तिचं काम. घरातली बाथरूमची रांग मात्र तिला आजवर लावता आलेली नाही, हे मुद्दाम सांगतो.

मी रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घेतो. आमच्या नव्या यंत्रणेत गर्दीच्या वेळी आवाज तुटायचा. लोक जिवाच्या आकांताने पत्ता सांगायचे आणि नेमका घराचा नंबर गळायचा. यंत्रणा वहिनीच्याच कंपनीची, त्यामुळे जेवताना मी रोज तिचं डोकं खायचो.

तिने शेड्युलर बदलला, यंत्रावर कामांचा भडिमार केला आणि प्रत्येक कामाला किती थांबावं लागतं ते मोजलं. आकडे झकास आले. साहेब खूश, बढती ठरली, आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं.

वहिनी मात्र तेच आकडे पुन्हा पुन्हा चाळायची. "इतकं सरळ कसं आलं?" एवढंच पुटपुटायची.

"वहिनी, देव देतो नि कर्म नेतं म्हणतात ते हेच," मी म्हणालो. "बढती घे की गपचूप!"

शेवटी तिला चूक सापडली. थांबण्याचा वेळ मोजणारा तिचा प्रोग्रॅम त्याच यंत्रावर, त्याच रांगेत उभा होता. यंत्र तुंबलं की तोही झोपायचा आणि मधला वेळ धरायचाच नाही. पहारेकरीच घोरत होता, मग चोऱ्या दिसणार कुणाला?

भरल्या बैठकीत ती उभी राहिली. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. वहिनी कसली सांगते!

"माझे आकडे चुकलेत. मी ते मागे घेते."

साहेब वैतागले. "अहो, कुणाच्या लक्षात येणार होतं?"

"माझ्या दिराच्या. पण तोवर फार उशीर झाला असता."

बढती गेली. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. तिने मोजणारा प्रोग्रॅम वेगळ्या यंत्रावर हलवला आणि सगळं पहिल्यापासून मोजलं. सरासरीकडे ढुंकूनही बघेना. सगळ्यात जास्त ताटकळलं कोण, तेवढंच विचारायची. फोनचा आवाज पुढे काढला, अहवाल-बिहवाल मागे ढकलले. ते उशिरा निघतात म्हणून साहेब अजून कुरकुरतात.

काल ऐन गर्दीत एका आजोबांचा फोन आला. आजी शुद्धीवर नव्हत्या. आजोबांना धड बोलवत नव्हतं. कसाबसा एकदा पत्ता सांगितला आणि फोन त्यांच्या हातून पडला. पुन्हा विचारायला पलीकडे कुणीच नव्हतं. मला घराच्या नंबरासकट सगळा पत्ता ऐकू आला होता.