माझ्या नावाला ओ देणारा

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. त्याचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले." मी बरं म्हणालो आणि उरलेली अर्धी दाढी उरकली. असं का वागलो, कोण जाणे. मग मात्र खुर्चीतून उठवेना... त्याला आता काही आठवडे झाले.

दिगू आणि मी जालन्याच्या बोर्डिंगातले जोडीदार. राज्य निजामाचं. तो भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईचा, मी घनसावंगीकडच्या कुंभार पिंपळगावचा. बोर्डिंग सांभाळणाऱ्या गुरुजींनी आल्या दिवशीच दोन्ही पिंपळगावं एका खोलीत टाकली, एवढ्यावर आमची सोयरीक जमली. तिथली हजेरीची तऱ्हाच न्यारी होती. संध्याकाळी ताटं मांडून बसायचं, गुरुजी नावं पुकारायचे, पण स्वतःच्या नावाला ओ द्यायची बंदी. ज्याचं नाव, त्याच्या जोडीदारानं 'हाजीर' म्हणायचं. शाळा उर्दूतली, तिथला शब्द इथंही आलेला. जोडीदार कुठं आहे, त्याला ताप आहे का, हे सांगता आलं नाही तर उठून शोधून आणायचा, आणि तोवर कुणालाच वाढायचं नाही. भुकेली पोरं मनातल्या मनात शिव्या घालायची. दिगूचा राग त्या आमटीवर. "डाळ नुसती पोहून गेलीय हिच्यातून," म्हणायचा आणि दोन वाट्या प्यायचा.

मला मात्र तिथं करमत नव्हतं. एवढ्या पोरांत बसून मी एकटा. आईचा आवाज कसा होता तेही आठवेनासं झालं, तेव्हा घाबरलो. शाळा सुटल्यावर तसाच स्टेशनवर जाऊन बसलो, गावाकडं जायला परतूरकडची गाडी धरायला. ऊन उतरलं आणि दिगू आला. माझ्या शेजारी बाकावर बसला. आता हा उपदेश करणार म्हणून मी तोंड फिरवलं. तो मात्र हळूच म्हणाला, "माधव, तुझं नाव पुकारलं रे. मी काय म्हणू, तेवढं सांग. न्हाई म्हणू?"

गाडी आली आणि गेली. आम्ही परतलो तेव्हा सगळे रिकाम्या ताटांपुढं ताटकळत होते. दिगूनं दारातूनच माझ्या नावाला 'हाजीर' म्हटलं, आणि वाढप सुरू झालं. त्या रात्री आमटी पार गार झाली होती.

पोराला वसतिगृहात ठेवावं का, असं हल्ली कुणी कुणी मला विचारतात. तिथं काय मिळतं म्हणे. मिळायचं काय? उर्दू विसरलो, अंथरुणाची घडी तेव्हाही नीट येत नव्हती. एवढंच मिळालं, की आपण ताटावर नाही म्हणून कुणाचं तरी जेवण अडतं. घरी हे आपसूक असतं, म्हणून कळत नाही. तिथं ते एका परक्या पोरानं दिलं, आणि त्याच्यासाठी मीही ते द्यायला शिकलो.

खोड मात्र जन्माची लागली. निजाम गेला, आम्ही दोघं जालन्यातच नोकरीला लागलो, संसार झाले, तरी कुठंही नाव पुकारलं की आमचा ओ उलटा. एकदा दवाखान्यात नर्सनं दिगंबरराव म्हणून हाक दिली, मी 'हाजीर' म्हणालो आणि इंजेक्शनसाठी बाही वर करेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. दिगू शेजारी बसून मजा बघत होता. "घेऊन टाकायचं की," म्हणाला, "मला तेवढंच कमी."

परवा नवीन जालन्यात बँकेत गेलो. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. दरवर्षी दोघं मिळून जायचो. बाकावर बसलो, सवयीनं कडेची जागा सोडून. काउंटरवरच्या मुलीनं माझं नाव पुकारलं. तिनं पुन्हा पुकारलं. ऐकू येत होतं, नाव माझंच होतं, जिवंत आहे एवढंच तर सांगायचं होतं... पण जीभ उचलेना. मी आपला शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिलो.

"माधवराव आलेले न्हाईत वाटतं," ती म्हणाली आणि तिनं पुढचं नाव घेतलं.