फिलूमावशीचा उपवास

फिलूमावशी आमच्या दारात यायची ती मान मागे टाकूनच. दार उघडलं की आधी तिची हनुवटी दिसायची, मग मुठीतली थेंबांची बाटली. मी पापणी उघडून थेंब टाकला की ती डोळे मिटून म्हणायची, "गेली रेती." मग चहा घेतल्याशिवाय हलायची नाही.

माणिकपूरला आमच्या इमारतीला लागूनच तिचं कौलारू घर होतं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालं होतं. पट्टी निघाली त्या दिवशी आमच्या गॅलरीत वाळत असलेला ह्यांचा बनियन फाटलाय, हे तिने मला अंगणातून ओरडून सांगितलं. पण थोड्याच दिवसांत डोळे कोरडे पडून चुरचुरायला लागले. दिवसभर अधूनमधून कृत्रिम अश्रू घालत राहा, नाहीतर बुबुळाला इजा होईल, असं डॉक्टरांनी बजावलं. मावशी म्हणाली, "देवान दिलेले आसू आंतोनने संपवले. आता विकतचे." आंतोन तिचा एकुलता एक मुलगा. तो प्यायचा, त्याचा हात थरथरायचा, म्हणून थेंब घालायला ती माझ्याकडे यायची.

मग ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला. पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, मावशी कपाळाला राख लावून अंगणात दिसली, पण दिवसभर आमच्याकडे फिरकली नाही. संध्याकाळी मीच गेले, तर म्हणाली, ईस्टरपर्यंत थेंब सोडलेत, आंतोनची दारू सुटावी म्हणून. मी कपाळावर हात मारला. सगळे मटण सोडतात, तूही तेच सोड, म्हटलं.

"मटन मला चावतच नाय, बाय. ते सोडून देवावर काय उपकार? जे हवंहवंसं वाटतं ते सोडायचं."

मी साताऱ्याकडची, माझे उपवास साबुदाण्याच्या खिचडीचे. मी चर्चमध्ये जाऊन फादरना गाठलं. त्यांनी घरी येऊन समजावलं, की आजाऱ्याला उपवास माफ असतो, औषध सोडू नये. मावशीने त्यांना सरबत दिलं. ते गेल्यावर मला म्हणाली, फादर दयाळू आहेत, ते सगळ्यांनाच माफी देतात. मग मी आंतोनला धरला आणि वाट्टेल ते बोलले. तो ढसाढसा रडला आणि त्याने खरंच दारू बंद केली. झालं! आपला उपवास फळला म्हणून मावशी खूश; आता थेंब घाल, हे तिला कोण सांगणार? लालभडक डोळे उघडमीट करत ती ओसरीवर बसायची आणि मी थेंबांची बाटली घेऊन नुसती उभी राहायचे. इतकं हतबल मला माझ्या आईच्या आजारपणातही वाटलं नव्हतं.

ईस्टरला ती आली खरी, पण उशीर झाला होता. ऑपरेशनच्या डोळ्यात जखम चिघळून बुबुळावर डाग पडला होता. हा डाग आता जायचा नाही, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या डोळ्याने तिला आधीच जेमतेम दिसायचं. घरी येताना रिक्षात मला रडू आवरेना आणि तीच माझी पाठ थोपटत होती.

पावसाळ्यानंतर आंतोन पुन्हा प्यायला लागला. मावशीला कोणीच सांगितलं नाही.

यंदा राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी ती थेंबांसाठी आली, तेव्हा आंतोन कंपाउंडच्या भिंतीला धरून घराकडे येत होता. मावशीने त्या दिशेला तोंड वळवलं.

"आंतोन ना तो? वास येतो मला कधीकधी. पन वास काय, कुठूनपन येतो. मला दिसत नाय, तू सांग. सरळ चालतो ना?"

नाही म्हटलं, तर तिचा डोळा फुकट गेला. आणि ती आणखी काहीतरी सोडणार. मी म्हटलं, "हो मावशी, सरळ चालतोय."

तिचा चेहरा उजळला.

"मग यंदापन हेच सोडते," ती म्हणाली. "आज घाल तू. उद्यापासून नको."