लढाई होवो की न होवो

माझी थोरली पोरगी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती, तेव्हा तिला पाहायला पोंभुर्ण्याकडचा एक फौजी पोरगा आला. सुट्टीवर होता. सोबत त्याचे मामा, रिटायर कंपाउंडर. हे मामा रेडिओ इतका ऐकायचे की अमेरिका आणि रशिया म्हणजे त्यांचे दोन चुलत भाऊच.

पोरगा मला आवडला होता, खोटं कशाला सांगू. पोरीलाही आवडला. पण फौज म्हटलं की मला माझा बाप आठवायचा. तो दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी भरती झाला. तेव्हा लोकांनी आईला समजावलं होतं, की मागच्या खेपेला एवढी माणसं मेली, आता मोठे देश पुन्हा कशाला लढतात? बाप ब्रह्मदेशाकडे गेला तो आलाच नाही. आईजवळ ना शिक्षण, ना जमीन. लोकांच्या धानाच्या बांध्यांत वाकून रोवणी करत तिनं मला वाढवलं.

आणि चहा पिता पिता मामाही तेच सांगू लागले. "बाई, अमेरिका-रशिया दोघांजवळ असे बॉम्ब हायेत का टाकणाराही वाचत नाई. मंग टाकन कोन? मोठ्या लढाईचे दिवस गेले."

मी म्हटलं, "भाऊ, आमच्या वस्तीत दोघा भावांचं शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालं. धाकट्यानं थोरल्याच्या कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्याले आग लावली. त्याचा सोताचा पुंजणा बाजूलेच होता, दिसत नव्हता का त्याले? दोन्ही जळले."

मामा म्हणाले, गावची गोष्ट वेगळी, तिकडं राज्य करायला शिकलेले लोक बसतात. मी विचारलं, मागच्या दोन लढाया काय अडाण्यांनी केल्या? आमच्या ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, आता पुरे कर. मी केलं नाही. सरळ पोराकडे वळले.

"तू सांग बाबू. होईन का लढाई?"

पोरगा मामांकडे न पाहता म्हणाला, "मले नाई माहीत, बाई. पण हुकूम आला त मी जाईन."

मला हे उत्तर पटलं. मग आईची रोवणी आठवून मी माझी अट सांगितली. पोरगी डी.एड. पुरं करेल, शाळेवर लागेल, मगच विहारात लग्न. मामा तडकले, म्हणाले फौजीच्या बायकोला नोकरी काऊन पाहिजे. ह्यांनी मान खाली घातली. स्वयंपाकघरातून पोरगीच बाहेर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मी शाळेवर लागल्याशिवाय नाई करत."

पोरगा थांबतो म्हणाला, आणि थांबला. पोरगी एटापल्लीकडे शाळेवर लागली, त्या उन्हाळ्यात लग्न झालं.

मामा पुढे भेटले की मला हटकून चिडवायचे, "बाई, कुठी हाये तुमची लढाई?" मी म्हणायची, "न येवो, भाऊ. तुमचंच खरं होऊ द्या." आणि घरी येऊन धाकट्या पोरीला म्हणायची, चल, पुस्तक उघड.